गादी, भिंत आणि दमट हवा : ठाण्यातील एका घराच्या प्रकल्प नोंदी

31 मार्च 2024, रविवार

नऊ वर्षांच्या लेकीला गेली दोन वर्षे सकाळी उठल्याबरोबर सलग दहा-बारा शिंका येतात, नाक गळते आणि डोळे चोळून लाल होतात. गेल्या आठवड्यात तिची त्वचेवरील ॲलर्जी चाचणी झाली. डस्ट माइट म्हणजे घरातील धुळीत राहणारा सूक्ष्म जीव; त्याच्या अर्काच्या थेंबाखाली ठळक गांधी उठली, झुरळाच्या थेंबाखाली लहानशी उठली आणि परागकण, कुत्रा, मांजर यांच्या खुणा सपाट राहिल्या. औषधे डॉक्टर ठरवतील त्याप्रमाणे चालूच राहणार आहेत. घराचे काय करायचे ते मात्र आमच्यावर सोडलेले आहे आणि या नोंदी त्यासाठीच आहेत. प्रत्येक नोंदीची तारीख ती सुरू केल्याची; त्या कामाचे पुढे काय झाले तेही मागाहून तिथेच जोडले आहे.

घर ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर, इमारत पंचवीस वर्षांची, झोपण्याच्या खोलीची एक भिंत बाथरूमला लागून. मोजमापासाठी साधी पद्धत ठरवली आहे : ज्या सकाळी पाचपेक्षा जास्त शिंका येतील त्या दिवशी पत्नी कालनिर्णयाच्या चौकटीत लाल टिंब काढते. मार्च महिन्यात 31 दिवसांत 22 टिंबे झाली.

7 एप्रिल

पाडव्याच्या आधी गाद्या पिंजून घेण्याची आमच्याकडे जुनी पद्धत आहे आणि मला ती या कामाची उत्तम सुरुवात वाटली. सोसायटीच्या आवारात पिंजण्याचे यंत्र घेऊन येणाऱ्या कारागिराकडून दोन्ही कापसाच्या गाद्या उसवून, पिंजून, नव्या खोळीत भरून घेतल्या. खर्च 1,600 रुपये. गाद्या फुगून आल्या, हलक्या झाल्या आणि घरातील सर्वांना काम झाल्यासारखे वाटले.

ही पहिली आणि बहुधा सर्वांत मूर्खपणाची चूक. खोळ नवी असली तरी कापूस तोच, आठ वर्षे वापरलेला होता. माइट हा आठ पायांचा, मिलिमीटरच्या पावभागाएवढा जीव असून तो माणसाच्या त्वचेच्या गळलेल्या कोंड्यावर जगतो. ॲलर्जी प्रामुख्याने त्याच्या विष्ठेच्या कणांमुळे होते. पिंजल्याने ते कण काही प्रमाणात उडून गेले असतीलही, पण उरलेले नव्या खोळीत पुन्हा सारखे पसरून बसले. त्याहून वाईट म्हणजे लेक कापूस उडण्याची गंमत पाहत अर्धा तास यंत्राजवळ उभी होती. त्या रात्री तिला झोप लागली नाही आणि पुढचे पाचही दिवस लाल टिंब पडले.

14 एप्रिल

गादीला बंद आवरण घालावे असे डॉक्टरांनी सांगितले होते. बाजारात ‘वॉटरप्रूफ’ म्हणून मिळणारी, चारही कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेली दोन आवरणे 1,300 रुपयांना आणली. ती वरून व बाजूंनी गादी झाकतात, परंतु खालची बाजू उघडी राहते, म्हणजे ज्या कामासाठी आणली ते काम होतच नाही. शिवाय एप्रिलच्या उकाड्यात खालचे प्लास्टिक कुरकुरते आणि पाठीला घाम सुटतो. दुसऱ्या रात्री लेकीने ते स्वतःच ओढून काढले आणि तिचे काही चुकले नाही.

नंतर जे घेतले ते सहाही बाजूंनी बंद होणारे, चेन असलेले, घट्ट विणीच्या कापडाचे आवरण. घेताना प्लास्टिकचा थर नाही ना, विणीची छिद्रे दहा मायक्रॉनपेक्षा लहान आहेत ना आणि चेनच्या टोकाशी उघडी फट राहत नाही ना, एवढे पाहावे. आम्ही ती फट चिकटपट्टीने बंद केली. दोन गाद्यांना 5,200 आणि तीन उशांना 1,200 रुपये लागले. माल हाती यायला मे उजाडला.

21 एप्रिल

दोन आर्द्रतामापक आणले, प्रत्येकी 450 रुपये. एक 61 टक्के दाखवी, दुसरा 69, आणि दोन्ही एकाच टेबलावर ठेवलेले. मग घरगुती तपासणी केली : बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते थोड्या पाण्याने दाट चिखलासारखे भिजवायचे, झाकण आणि मापक दोन्ही घट्ट बंद होणाऱ्या डब्यात ठेवायचे आणि एक रात्र जाऊ द्यायची. आतली आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिरावते. सकाळी पहिल्या मापकावर 70 होते आणि दुसऱ्यावर 76. पहिल्यावर ‘पाच मिळवा’ अशी चिठ्ठी चिकटवली.

त्याच दिवशी लाकडी कपाट भिंतीपासून ओढले. ते बारा वर्षांत हललेले नव्हते. मागे कमरेइतक्या उंचीपर्यंत काळी-हिरवी बुरशी होती आणि कपाटाच्या पाठीच्या प्लायवर तिचाच आरसा उमटलेला होता. मी उत्साहाच्या भरात लोखंडी ब्रश घेऊन भिंत कोरडीच खरवडली. खोलीत काळसर भुकटी पसरली, आईला खोकल्याची उबळ आली आणि आम्हा सर्वांना दोन दिवस बैठकीच्या खोलीत झोपावे लागले. बुरशी कोरडी घासू नये; आधी साबणाच्या पाण्याने ओली करावी, चिंधीने टिपून घ्यावी आणि चिंधी पिशवीत बांधून टाकून द्यावी. तोंडावर मास्क व हातात रबरी मोजे असावेत, खिडकी उघडी आणि खोलीचे दार बंद असावे.

पत्नीने वेळीच थांबवले म्हणून आणखी एक अनर्थ टळला. भिंतीवर ब्लीच लावून झाल्यावर मी त्याच बादलीत संडास धुण्याचे ॲसिड ओतणार होतो. या दोन्हींच्या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. दोन्ही बाटल्या आता वेगवेगळ्या फळ्यांवर आहेत.

28 एप्रिल

गेल्या रविवारी खरवडलेल्या जागेवर रंगाऱ्याकडून 1,100 रुपयांत डिस्टेंपरचा हात मारून घेतला होता. आठव्या दिवशी त्याच आकाराचा पिवळट डाग वर आला. ओल कोठून येते हे न शोधता रंग लावला, तेव्हा पैसे गेले हे उघड आहे.

शोधण्यासाठी दीड फूट लांबी-रुंदीचा जाड, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून लावला. दुसऱ्या दिवशी थेंब प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला होते. थेंब खोलीकडच्या बाजूला आले असते तर दोष हवेच्या दमटपणाचा ठरला असता. इथे पाणी भिंतीतूनच येत होते. बाथरूममधील फरशांचे सांधे नखाने टोकरले तर सिमेंट भुसभुशीत होऊन हातात आले. सांधे खोदून त्यांत इपॉक्सी, म्हणजे पाणी न झिरपू देणारा मसाला, भरण्याचे काम 6,800 रुपयांत झाले आणि त्यासाठी बाथरूम तीन दिवस बंद ठेवावे लागले. मिस्त्री लगेच रंग लावायला निघाला होता, पण भिंतीला चार आठवडे वाळू द्यायचे असे मी ठरवले. कपाट आता भिंतीपासून चार बोटे पुढे आहे. खोली लहान दिसते, पण मागे हात आणि हवा दोन्ही जातात.

13 मे, सोमवार

नवी आवरणे कालच्या रविवारी घालायची होती, परंतु त्याआधी गाद्यांना दोन दिवस कडक ऊन द्यावे असा विचार केला. उन्हात गादी तापते आणि सुकते, त्यामुळे पृष्ठभागाजवळचे बरेच माइट मरतात. मेलेल्यांचे अवशेष आणि विष्ठा मात्र गादीतच राहतात, म्हणून वाळवल्यानंतर आवरण हवेच. काल दोन्ही बाजू उलटसुलट करून नीट वाळवल्या.

आज दुपारी मुंबई-ठाण्यावर धुळीचे वादळ आले. मी कार्यालयात, पत्नी शाळेत, गाद्या गच्चीवर आणि घराच्या खिडक्या सताड उघड्या. आईने शेजारच्या मुलांना हाक मारून गाद्या खाली आणवल्या, तोवर त्यांवर तांबूस धुळीचा थर बसला होता. घरात पायांचे ठसे उमटत होते. रात्री अकरापर्यंत ओल्या फडक्याने पुसत होतो आणि उद्याच्या सकाळची भीती होती.

14 मे

शिंका दोन. टिंब नाही. हे का, ते मला आज सांगता येत नाही, म्हणून नुसते नोंदवून ठेवतो. गाद्या ब्रशने झाडून, धूळ ओढून घेणाऱ्या व्हॅक्यूमने साफ करून आवरणात बंद केल्या. व्हॅक्यूम शेजाऱ्यांकडून मागून आणला होता. त्याची पिशवी कापडी असल्याने बारीक धूळ मागच्या जाळीतून परत खोलीत येत होती. अंधारात विजेरी धरल्यावर ते स्पष्ट दिसले. हेपा फिल्टर (अगदी बारीक कणही अडवणारी गाळणी) नसलेला व्हॅक्यूम बंद खोलीत चालवू नये, हा त्यातून घेतलेला धडा.

26 मे, सांगोला

लेक 18 तारखेपासून आजोळी आहे आणि आज मी तिला भेटायला आलो. सोबत आर्द्रतामापकही आणला आहे, ज्यावरून सासूबाई मला हसल्या. दुपारी तीन वाजता ओसरीवर 27 टक्के. घरासमोर मातीचा रस्ता, शेजारी शेळ्यांचा गोठा, आणि झाडलोट दिवसातून दोनदा खराट्याने होते, ज्यातून उठलेली धूळ माजघरापर्यंत जाते. ठाण्याच्या घरात वर्षभरात जेवढी धूळ येत नसेल तेवढी इथे एका दिवसात येते. लेकीच्या नऊ सकाळींत एकही टिंब नाही.

यावरून आणि तेरा तारखेच्या वादळावरून माझी समजूत बदलली. आम्ही दोन वर्षे दिसणारी धूळ पुसत होतो. माइट पाणी पीत नाही, हवेतील ओलावा शरीरात शोषून जगतो. हवा दीर्घकाळ 50 टक्क्यांच्या खाली राहिली की तो सुकून मरतो. सांगोल्याची धूळ म्हणजे माती आहे. ठाण्याच्या गादीतील धूळ निराळी आहे आणि तिला पोसणारी गोष्ट हवेत आहे. यापुढचे काम फडक्याचे कमी आणि दमटपणाचे जास्त.

9 जून

आज मोसमी पाऊस मुंबईत पोहोचल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. भिंतीचा रंग 3,200 रुपयांत मागच्या आठवड्यातच झाला होता. प्लास्टिकची चाचणी पुन्हा केली तेव्हा तुकडा दोन्ही बाजूंनी कोरडा होता. लेक सहा तारखेला परतली. आजोळच्या वीस सकाळींत एक टिंब, तेही लग्नघरातील सतरंजीवर झोपल्यानंतरचे. झोपण्याच्या खोलीत सकाळी 78 टक्के.

23 जून

झुरळांचे काम थोडक्यात. स्वयंपाकघरात जेलचे मुगाएवढे ठिपके सिंकखाली, बिजागऱ्यांजवळ आणि फ्रिजच्या मोटरमागे लावले. दुसऱ्याच दिवशी एक झुरळ दिसल्याने मी 400 रुपयांचा फवारा सर्वत्र मारला, त्यामुळे झुरळे जेलच्या जागांपासूनच दूर गेली आणि जेल वाया गेले. सर्व पुसून पुन्हा लावले. अंड्यांच्या कोषांवर जेलचा परिणाम होत नाही, म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा लावावे लागते. जेलचा एकूण खर्च 600. मेलेली झुरळे आणि त्यांची लेंडी ओल्या फडक्याने उचलावी; ॲलर्जीचे कण त्यांतही असतात.

8 जुलै

पहाटेपासून मुसळधार पाऊस, लोकल ठप्प, सर्वजण घरी. झोपण्याच्या खोलीत 88 टक्के. कपड्यांच्या दोऱ्या आमच्याकडे याच खोलीत छताला आहेत, कारण पंखा इथे मोठा आहे. आज वेळ होता म्हणून प्रवासी पिशवी तोलण्याच्या काट्यावर धुतलेले कपडे तोलले : दोरीवर टाकताना 6.1 किलो, दुसऱ्या दिवशी काढताना 4.2. म्हणजे लेकीच्या उशाशी आम्ही रोज जवळजवळ दोन लिटर पाणी हवेत सोडत होतो. दोऱ्या आजच बैठकीच्या खोलीत हलवल्या. पाहुण्यांच्या डोक्यावर कपडे लोंबतात हे आईला मुळीच पसंत नाही. “लोक काय म्हणतील रे,” एवढेच तिने विचारले. एका आठवड्यात झोपण्याच्या खोलीचा आकडा 88 वरून 81 वर आला आणि त्यासाठी एक रुपयाही लागला नाही.

21 जुलै

81 हा आकडाही माइटसाठी मेजवानीच आहे. हवेतील ओलावा काढणारे यंत्र, डीह्युमिडिफायर, 14,500 रुपयांना आणले. पहिले तीन दिवस मी ते खिडकीची एक फट उघडी ठेवून चालवले, कारण कोंदट वाटू नये. दोन लिटरची टाकी दर चार तासांनी भरत होती आणि मापक 76 च्या खाली उतरत नव्हता. आम्ही अख्ख्या ठाण्याची हवा सुकवत बसलो होतो. खिडकी बंद केली, दाराखाली जुन्या टॉवेलची गुंडाळी लावली आणि तीन तासांत 59 आले.

यंत्रामुळे खोली दोन-तीन अंशांनी तापते, म्हणून ते लेक शाळेत असताना आठ तास चालते आणि रात्री एसी. एसीची जाळी दर पंधरा दिवसांनी धुतो. यंत्र 250 वॉटचे आहे, म्हणजे दिवसाला दोन युनिट. बिलात महिन्याला सुमारे 600 रुपयांची भर पडली. 50 टक्क्यांखाली आम्ही भर पावसात एकदाही गेलेलो नाही. 56 ते 60 एवढेच जमते.

जुलैत 17 टिंबे, त्यांपैकी 13 यंत्र येण्याआधीची.

11 ऑगस्ट

गोधडीचा प्रश्न आतापर्यंत टाळला होता. माझ्या आजीच्या नऊवारी लुगड्यांची ती गोधडी, सात थरांची. लेक तिच्याशिवाय झोपत नाही. चादरी आणि अभ्रे आम्ही दर आठवड्याला मशीनच्या 60 अंशांच्या चक्रात धुतो, कारण थंड पाण्याने कण निघून जातात पण माइट मरत नाहीत. गिझरचे पाणी बादलीत 52 अंशच भरले, म्हणून मशीनच.

गोधडीही तशीच मशीनमध्ये घातली. ओली झाल्यावर ती एवढी जड झाली की पिळताना मशीन धडधडून बंद पडले. हाताने काढून दोघांनी पिळली. काठाचा लाल रंग मधल्या पांढऱ्या थरात उतरला. पावसात ती चार दिवस वाळली नाही आणि कुबट वास सुटला. शेवटी डीह्युमिडिफायरसमोर दोन खुर्च्यांवर पसरून दीड दिवसात सुकवली. आई एक शब्दही बोलली नाही. ओरडली असती तर बरे वाटले असते.

गोधडी आता चेनच्या आवरणात बंद करून कपाटात आहे आणि लेकीला त्याच लुगड्यांपैकी उरलेल्या एका तुकड्याची एकपदरी चादर आईने शिवून दिली, जी दर आठवड्याला धुता येते. गोधडी धुवायची तर ती एप्रिलमध्ये, थंड पाण्यात, हाताने. आणि मग गच्चीवर.

1 सप्टेंबर

गणपती 7 तारखेला. मखराचे सामान पोटमाळ्यावरून काढताना दरवर्षी लेक मदतीला असते; यंदा तिला आत्याकडे पाठवले. मी मास्क लावून खोकी खाली उतरवली, गॅलरीत नेऊन ओल्या फडक्याने पुसली आणि सायंकाळपर्यंत घर उघडे ठेवले. माइटचे कण जड असल्याने ढवळल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात खाली बसतात. मांजराच्या ॲलर्जीच्या कणांसारखे ते तासन्तास तरंगत नाहीत. म्हणून मुलाला सफाईच्या वेळी बाहेर ठेवणे हे हवा शुद्ध करण्याच्या यंत्रापेक्षा स्वस्त आणि आमच्या बाबतीत अधिक उपयोगी ठरले. पंख्याची पाती पुसण्याची पत्नीची युक्तीही इथे लिहून ठेवतो : जुना अभ्रा पात्यावर चढवून बाहेर ओढायचा, म्हणजे धूळ अंगावर न पडता अभ्र्यातच राहते.

आरतीच्या वेळी धूप आणि अगरबत्तीच्या धुराने तिला शिंका आल्या. ती ॲलर्जी नव्हे, धुराची जळजळ. पण सुजलेल्या नाकाला तो फरक कळत नाही. निरांजन ठेवले आणि धूप गॅलरीत.

20 ऑक्टोबर

पाऊस गेला. दुपारी खिडक्या उघडल्या की 54 टक्के, त्यामुळे यंत्र आठवड्यातून दोनदाच लागते. टिंबे : ऑगस्टमध्ये 9, सप्टेंबरमध्ये 8, ऑक्टोबरच्या वीस दिवसांत 3. डॉक्टरांनी रोजची गोळी गरजेपुरती केली आहे; नाकातील फवारा चालू आहे.

आतापर्यंतचा खर्च 36,800 रुपये, वीज वेगळी. त्यांपैकी पिंजणे, पहिली आवरणे, पहिला रंग आणि झुरळांचा फवारा मिळून 4,400 निव्वळ वाया गेले. वेळेचा हिशेब ठेवलेला नाही, पण एप्रिलचे चारही रविवार चुकीच्या क्रमाने खर्च झाले हे दिसतेच. पुन्हा करायचे झाले तर मी पहिल्या दिवशी 450 रुपयांचा मापक घेईन, दुसऱ्या दिवशी कपाट ओढीन आणि तिसऱ्या दिवशी दोऱ्या हलवीन, आवरणे त्यानंतर.

दोन कामे राहिली आहेत. आईच्या खोलीतील कापसाच्या गादीला आवरण घालायला तिचा नकार आहे आणि लेक दुपारी तिथेच जाऊन लोळते. ऑक्टोबरच्या तीन टिंबांपैकी दोन त्याच दिवसांनंतरची आहेत. दिवाळीच्या सफाईत त्या गादीचे माप घेऊन ठेवणार आहे. बाथरूमच्या भिंतीत, नळाच्या जोडाजवळ, तळहाताएवढी जागा पुन्हा गार लागते आहे. प्लास्टिकचा तुकडा आज लावला आहे, उद्या पाहू.